आधी आमिष, मग रील, मग रॉड

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी मासेमारीचं रील, म्हणजे गळाची दोरी गुंडाळायचं यंत्र, उघडलं, तर आतून काळ्या ग्रीसमध्ये कालवलेला पितळेचा चुरा निघाला. मुख्य गिअरचे दात झिजून बोथट झाले होते. गेले काही आठवडे हँडल फिरवताना मध्येच ‘कट्’ असा आवाज यायचा. थंडीमुळे असेल म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं होतं. बायको चहा घेऊन आली, तिने त्या चुऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आणि मासा?” मासा नव्हता. दोन उन्हाळे झाले, एकही नव्हता.

रीलचा दोष नव्हता. बास नावाच्या लहान माशांच्या मासेमारीसाठी ते छानच होतं. मी त्याच्यावर मस्कीसाठीचं ‘डबल टेन’ हे भलंमोठं आमिष ओढत होतो, हा माझा गाढवपणा.

मस्कीच्या नादाला न लागलेल्यांसाठी थोडं सांगतो. मस्की म्हणजे उत्तर अमेरिकेतला मोठा शिकारी मासा. बकटेल हे त्याच्यासाठीचं आमिष, म्हणजे तारेवर केसांचा झुपका आणि त्याच्या पुढे गरगर फिरणारं पातं. डबल टेन या बकटेलला १० नंबरची दोन मोठी पाती असतात. हातात घेतलं तर वजन काही फार वाटत नाही. पाण्यातून ओढायला लागा, म्हणजे दोरीला बादली बांधल्यासारखं वाटतं. आणि हे दिवसातून शेकडो वेळा करायचं. मस्कीला इकडे ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. आकडा फुगवलेला असेल, पण खांद्याला तो खराच वाटतो.

मी आधी कळस मग पाया असा कारभार केला होता. सेलमध्ये रॉड, म्हणजे गळाची काठी, दिसला, घेतला. त्याला शोभेल असं रील घेतलं. आमिषं सगळ्यात शेवटी, जी चकाकतील ती. आता कोणी विचारलं तर मी उलट प्रश्न करतो: दिवसभर फेकणार काय आहेस? त्याचं उत्तर मिळेपर्यंत रीलबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

रील घेताना सगळे गिअर रेशो बघतात, म्हणजे हँडलच्या एका फेरीत स्पूल (दोरी गुंडाळायचं चाक) किती वेळा फिरतं ते. मी बघतो हँडलच्या एका फेरीत दोरी किती इंच आत येते ते. रेशो तोच असला तरी स्पूल मोठं असेल तर दोरी जास्त येते. शिमानोच्या ट्रँक्स ५०० चंच घ्या. ४.६ रेशोचं मॉडेल एका फेरीत साधारण ३० इंच ओढतं आणि ६.६ चं ४२ इंच. नवखा माणूस हमखास ४२ कडे धावतो, मीही धावलो असतो. पण सायकलचा मोठा गिअर टाकून चढ चढायला घेतला तर मांड्यांचं काय होतं? मोठी पाती ओढायला मंद गिअरच बरा. वेगाने बकटेल पळवायचं असेल किंवा रबरी आमिषाला झटका दिल्यावर सैल पडलेली दोरी चटकन गुंडाळायची असेल, तेव्हा वेगवान रील कामाला येतं. हँडल मात्र दोन्हीकडे लांब हवं, पकडायला मूठ मोठी हवी. ओल्या, गारठलेल्या बोटांतून छोटी मूठ निसटते.

इथेच घोडं पेंड खातं: ताकद पाहिजे, तर वजन आलं. ट्रँक्स ५०० भरतं २० औंसांच्या वर, ४०० आहे १२ औंसांच्या आसपास. दुकानात दोन्ही उचलून पाहिली तर फरक किरकोळ वाटतो. दुपारी तीन वाजता नावेत उभं राहून पाहा. मी शेवटी ४०० घेतलं आणि मोठ्या रबरी आमिषांचा नाद सोडला. मॅग्नम बुल डॉग कधीमधी फेकतो. त्याचाच थोरला भाऊ ‘पाउंडर’ नावाप्रमाणे पाउंडभर, म्हणजे अर्ध्या किलोला जरासाच कमी. तो फेकणाऱ्यांना मी दुरून नमस्कार करतो. माझा उजवा खांदा मला अजून वीस वर्षं वापरायचाय.

आता रॉड. रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, तो किती औंसांचं आमिष पेलेल. ते वाचा आणि वरचा आकडा गाठू नका. माझा पहिला रॉड सात फुटी होता. जड आमिष मागे नेलं की तो पार वाकायचा आणि फेकताना सरळच व्हायचा नाही. आमिष नावेपासून वीस फुटांवर ‘धप्प’. शेजारच्या नावेतला म्हातारा न राहवून म्हणाला, “पोरा, मासा तिकडे आहे, नावेखाली नाही.”

पुढे कळलं, मासा नावेखालीही असतो. मस्की आमिषामागे येतो, अगदी नावेपर्यंत येतो, थांबतो आणि नुसता बघतो. अशा वेळी आमिष बाहेर काढायचं नाही. रॉडचं टोक पाण्यात खुपसून त्या आमिषाने इंग्रजी आठचा आकडा काढायचा, पुन्हा पुन्हा. सात फुटी रॉडने काढलेल्या आठाची वळणं इतकी तंग असतात की चार फुटी माशाला त्यात वळताच येत नाही. नऊ फुटी रॉडने वळण ऐसपैस होतं, खोलही जाता येतं. लांब रॉड घ्यायचं माझ्या मते हे मुख्य कारण, दूरवर फेकणं त्यानंतर.

बकटेलसाठी मी नऊ फुटी, हेवी ताकदीचा, टोकाकडे जरा लवचिक असा रॉड वापरतो. अगदी ताठ असेल तर मासा झटका देतो आणि गळ तोंडातून फाटून निघतो. सुइकसारखी लाकडी आमिषं रॉड खाली झटकून चालवावी लागतात. तिथे मात्र आठ फुटी ताठच बरा, नाहीतर दर झटक्याला टोक पाण्यावर आपटतं. लांब रॉड घेताना मुठीकडून आत सरकणारा मिळाला तर पाहा, नाहीतर तो नावेच्या कप्प्यात मावत नाही. हे मला रॉड घरी आणल्यावर समजलं.

दोरी ८० पाउंडी ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेली. इतकी जाड कशाला, असं मलाही वाटायचं. मासा तेवढा ओढत नाही हे खरं. पण जड आमिष हवेत असताना स्पूलवर गुंता झाला की सगळा हिसका दोरीवर येतो. माझं नवंकोरं आमिष असंच बंदुकीच्या गोळीसारखं सुटून मिनेसोटातल्या मिल लॅक्स तलावाच्या मधोमध गेलं. तो तलाव सुमारे १,३२,००० एकरांचा. शोधणार कुठे? आणखी एक: ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळू नका. खाली थोडी नायलॉनची दोरी घाला. नाहीतर आख्खी गुंडाळी स्पूलवर गोल फिरत राहते आणि आपण ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळत बसतो. मी अर्धा दिवस बसलो होतो.

सप्टेंबर संपता संपता, त्याच तलावावर, ढगाळ संध्याकाळ होती. बकटेल नावेजवळ आलं आणि त्याच्यामागे पाण्यात एक लांब तपकिरी सावली. मी रॉड कोपरापर्यंत पाण्यात घातला. पहिलं वळण, सावली वळली. दुसरं वळण, दिसेनाशी झाली. तिसऱ्या वळणावर बाहेरच्या बाजूने पांढरं तोंड उघडलं आणि हात खांद्यापासून ओढला गेला. बाहेर दोरी होती जेमतेम चार फूट. इतक्या जवळ ड्रॅग विचार करत बसत नाही. मी बटण दाबून अंगठ्याने स्पूल आवळत आवळत दोरी सोडली, अंगठ्याची सालं निघाली.

मोजला तर ४७ इंच. मिनेसोटात बहुतेक ठिकाणी ५४ इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही, आणि मला ठेवायचाही नव्हता. जाळ्यातच, पाण्यात ठेवूनच कटरने गळाचे दोन काटे कापले, शेपटीजवळ धरून उभा राहिलो. मिनिटभर कल्ले उघडझाप करत होता, मग त्याने शेपटीचा असा एक फटका मारला की चष्म्यापर्यंत भिजलो.

फोटो काढायचा राहिलाच. घरी सांगितलं तेव्हा बायकोने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि हळद आणायला उठली.