अमर शेख चौकात शाहीर शोधताना

पुण्यात रिक्षावाल्याला 'शाहीर अमर शेख चौक' म्हणा, जुन्या बाजारापाशी बरोब्बर नेऊन सोडेल, पण हे अमर शेख कोण असं विचारलंत तर एखादाच सांगेल. मी बार्शीचा, म्हणजे शाहिरांच्याच गावचा, त्यामुळे मला हे जरा जास्तच लागतं. म्हणून एका रविवारी ठरवून, दुसरं काहीही काम न काढता, फक्त ह्या चौकासाठी पुण्याला गेलो.

पहाटेची एसटी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण हा आमचा ठरलेला रस्ता. इंदापूर आलं की झोप उडतेच माझी, कारण इथंच जवळ २९ ऑगस्ट १९६९ ला अपघातात शाहीर गेले. ५२ वर्षांचे होते फक्त! तेव्हा इथं उजनीचं पाणीपण नव्हतं, धरण नंतर झालं, आणि आता खिडकीतून ते पसरलेलं पाणी बघताना मनात येत होतं की अजून वीस-पंचवीस वर्षं मिळाली असती तर टेपरेकॉर्डरच्या, कॅसेटच्या जमान्यात त्या गळ्याचं केवढं काय काय जपलं गेलं असतं.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६. आई मुनेरबीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेलं पोर, मग मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग संप, तुरुंग आणि तिथून थेट चळवळ. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर ह्यांच्या साथीनं लालबावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर हा माणूस गावोगाव गात फिरला, पुढारी बोलायला उभे राहायच्या आधी शाहिरांची डफावर थाप पडायची आणि सभा तापायची. त्या लढ्याची समितीसुद्धा पुण्यातच स्थापन झाली, ६ फेब्रुवारी १९५६ ला, टिळक स्मारक मंदिरात.

स्वारगेटला उतरल्यावर आधी सारसबागेजवळ अण्णा भाऊंच्या पुतळ्याला हात जोडले. तिथं हार होते, दोन कॉलेजची पोरं फोटो काढत होती, बघून खूप बरं वाटलं. मग मेट्रोनं कसबा पेठ, आणि तिथून कुंभारवेशीवरनं चालत. कुंभारवेस म्हटल्यावर 'प्रपंच' आठवणारच, १९६१ चा सिनेमा, शाहिरांनी त्यात पोराबाळांच्या ओझ्याखाली पिचलेल्या गरीब कुंभाराचं काम केलंय, समोर सुलोचनाबाई. एरवी हजारोंना हलवणारा माणूस तिथं किती दबक्या आवाजात बोलतो ते बघाच.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नटबोल्टचे पाने, ड्रिलमशीन, पितळी कड्या, बूट, घड्याळं, सगळं रस्त्यावरच मांडलेलं. एका काकांकडं जुने अँप्लिफायर आणि एक कर्णा होता, पत्र्याचा, कडेला पोचे पडलेला, राखाडी रंगाचे पोपडे निघालेला. बॅटरीला वायर लावून ते चालतोय का दाखवत होते. मी म्हटलं, "काका, माझ्या मोबाईलवरचं लावता का जरा?" त्यांनी पिन दिली. माझ्याकडं शाहिरांचं एक जुनं खरखरतं रेकॉर्डिंग होतं ते लावलं.

आणि काय सांगू! इतकी वर्षं मी ते हेडफोनवर ऐकत होतो, छानच वाटायचं, पण हा आवाज मुळात कानात कोंबायचा नाहीच, तो मैदानाचा आवाज आहे, ह्या असल्याच कर्ण्यातून शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायला बनलेला. खरखर कुठल्या कुठं गेली. वरची पट्टी लागली तशी पलीकडं पान्यांचा भाव करणारी माणसं वळून बघायला लागली. एक म्हातारे हमाल डोक्यावरचं ओझं तसंच धरून थांबले.

"कोण गातंय?"

"अमर शेख."

"चौकवाले?"

"हो, तेच."

पूर्ण कडवं होईपर्यंत ते हलले नाहीत. अँप्लिफायरवाल्या काकांनी शेवटी मलाच सांगितलं, "हे पाठवा मला, दर रविवारी ह्याच्यावरच मशीन टेस्ट करून दाखवीन." लगेच पाठवलं.

तिथून पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात गेलो, कारण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आवाजाबद्दल निदान म्हातारी माणसं तरी बोलतात, पण ह्या माणसानं स्वतः लिहिलेलं कुणी वाचतच नाही. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह, आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की (रशियन क्रांतीचा कवी) म्हटलं ते काही नुसत्या पहाडी गळ्यासाठी नाही. मुलगी मल्लिका अमर शेख स्वतः मोठी कवयित्री, तिची पुस्तकं मिळाली, वडिलांची नाही. दुकानांत विचारलं, जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत हात काळे केले, एका मालकानं नंबर घेऊन ठेवलाय, आलं तर कळवतो म्हणाले.

तुमच्यापैकी कुणाकडं, आजोबांच्या कपाटात वगैरे, 'कलश' असेल तर खरंच सांगा. मी बार्शीहून येतो, तुमच्यासमोर झेरॉक्स काढतो आणि पुस्तक तिथल्या तिथं तुमच्या हातात परत देतो.