कळसूबाई बुधवारी, मीटिंग दुपारी

रविवारी सकाळी कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रांग लागते. वरचे उतरेपर्यंत खालच्यांनी थांबायचं, मग खालचे चढेपर्यंत वरच्यांनी. बुधवारी त्याच शिड्या मोकळ्या असतात. ज्याला ऑफिसात जाऊन बसावं लागत नाही त्याच्यासाठी भंडारदऱ्यात आठवडा काढण्याचं खरं कारण हे. मात्र त्यासाठी मुक्काम एकाच गावात ठोकायला हवा, आणि ते गाव डोंगर बघून निवडायचं नाही, रेंज आणि वीज बघून निवडायचं.

म्हणून मुक्कामाला शेंडी. विल्सन धरणाजवळचं हे गाव. बाजार, जेवणाची सोय आणि राहायच्या जागा इथे सहज मिळतात. रतनवाडी, सामरद, घाटघर ही गावं जास्त देखणी आहेत यात वाद नाही. पण कड्याच्या पोटाशी असलेल्या गावात रेंज भरवशाची नसते. टॉवर आणि फोन यांच्यामध्ये डोंगर आला की टॉवर जवळ असूनही उपयोग होत नाही. तिथे शनिवार-रविवारी जा, कामाच्या दिवशी मुक्काम करू नका.

खोली ठरवताना 'वायफाय आहे का' एवढंच विचारलं तर उत्तर 'आहे' असंच येतं. मालकांना विनंती करा की रात्री आठच्या सुमारास, त्याच खोलीत, दार लावून स्पीड टेस्ट करा आणि स्क्रीनशॉट पाठवा. त्यात डाउनलोड नंतर बघा, आधी अपलोड बघा. तुमचा आवाज आणि चेहरा समोर पोचतो तो अपलोडवर. ग्रुप व्हिडिओ कॉलसाठी ३ एमबीपीएस अपलोड असेल तर निश्चिंत राहा. १ च्या खाली गेलं की कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाजावर भागवावं लागतं. सिम दोन वेगवेगळ्या कंपन्यांची घ्या, कारण एकाच कंपनीची दोन असली तर टॉवर बंद पडल्यावर दोन्ही एकदमच जातात.

डेटाचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. ग्रुप व्हिडिओ कॉल तासाला साधारण १ जीबी खातो. रोजच्या २ जीबीच्या प्लॅनमध्ये दोन मीटिंगांत कोटा संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात रिचार्जचं ॲपसुद्धा धड उघडत नाही. जादा डेटाचं व्हाउचर घरून निघण्याआधीच टाकून ठेवा. मे अखेर ते जूनमध्ये काजवे बघायला गर्दी लोटते तेव्हा सगळ्यांचे फोन मोजक्या टॉवरांवर येतात, आणि शुक्रवारी संध्याकाळपासून नेट रांगू लागतं. त्या दिवसांत शुक्रवारची महत्त्वाची मीटिंग दुपारी तीनच्या आत उरका.

विजेसाठी पॉवर बँक घेताना एमएएच बघून भुलू नका. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॅट-तास. त्यातले रूपांतरात जातात ते वजा केले तर हाती साठेक उरतात. साधं टायपिंग आणि ब्राउझरचं काम करताना लॅपटॉप १० ते १२ वॅट खातो, म्हणजे पाचेक तासांची सोय झाली. व्हिडिओ कॉलवर हेच गणित निम्म्यावर येऊ शकतं. पॉवर बँकेचं आउटपुट टाइप-सीवर ४५ किंवा ६५ वॅटचं असेल तरच लॅपटॉप नीट चार्ज होतो. १८ वॅटवाली फोनपुरतीच. वीज गेली की चार्जर काढून ठेवा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबून लावा. येताना व्होल्टेज वर-खाली होतं आणि ॲडॉप्टर जळतो तो तेव्हाच.

आता घड्याळ. इंग्लंडच्या टीमबरोबर काम असेल तर सह्याद्रीसाठी याहून सोयीची पाळी नाही. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारी दीड आणि हिवाळ्यात अडीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात, म्हणजे ऐन ट्रेकच्या मोसमात तुम्हाला सकाळी एक तास वाढवून मिळतो.

नोव्हेंबरातला बुधवार धरा. शेंडीहून साडेचारला गाडीने निघून सव्वापाचपर्यंत कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून चालायला लागायचं. पहिला टप्पा शेतांतून आणि पायऱ्यांनी, हेडटॉर्चच्या उजेडात. फटफटायला लागतं तेव्हा पहिली शिडी यायला हवी. त्याआधी पोचलात तर थांबा, कारण दवाने शिडीचे गज ओले असतात आणि अंधारात पाय कुठे पडतोय ते कळत नाही. आठच्या सुमारास माथा, १६४६ मीटर. अर्धा तास देवळापाशी बसून उतरायला लागलात की साडेदहाला खाली. उतरताना घाई नको. घसारा, म्हणजे सुटी माती आणि खडी, पायऱ्यांवर पसरलेला असतो आणि टाचेवर जोर दिला की तो सरकतो. पाऊल पूर्ण टेकवून, गुडघा किंचित वाकवून उतरा. खाली आल्यापासून पहिल्या कॉलपर्यंत किमान दीड तास मोकळा ठेवा: आंघोळ, जेवण, पाय वर करून पडणं. हा दीड तास कापला की दुपारी चारला स्क्रीनसमोर डोळे मिटतात. ज्या दिवशी क्लायंटसमोर सादरीकरण असेल त्या दिवशी चढाई नकोच.

माथ्यावरून मीटिंग घेण्याचा मोह टाळा. वर फोनवर रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण तिथून एकाच वेळी दूरदूरचे अनेक टॉवर फोनला दिसतात आणि तो एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो. फोन लागतो, डेटा अडकतो, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी असलेली जोडणी) तुटतं. चढताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा. रेंज शोधण्यातच बॅटरी सर्वांत जास्त जाते, आणि ती गरजेला हवी असते. निघताना मालकांना वाट आणि परतायची वेळ सांगा.

भारतीय वेळेने दहाला लॉगिन असेल तर कामाच्या दिवशी कळसूबाईचं नाव काढू नका. सकाळी धरणाच्या बाजूने दीड तासाची रपेट करा आणि मोठे ट्रेक सुट्टीवर ठेवा: एक दिवस रतनगड, दुसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. रतनगडाची रतनवाडीकडून जाणारी वाट सुरुवातीला ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. मोठ्या पावसात हाच ओढा परतीची वाट अडवतो, म्हणून तेव्हा हा गड सोडलेलाच बरा. वर जंगलात एक फाटा कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जातो, तिथे चुकू नका. अमेरिकेची रात्रपाळी करणाऱ्यांनी मात्र ट्रेक फक्त सुट्टीलाच करावा. पहाटे तीनला लॅपटॉप मिटून पाचला कड्यावर जाणं हे अपघाताला बोलावणं आहे.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी छत विचारून घ्यावं. पत्र्याचं छप्पर असेल तर सरीचा आवाज इतका होतो की समोरच्याला तुमचं एक वाक्य ऐकू जात नाही. लॅपटॉपचा माइक तो सगळा आवाज उचलतो. तोंडाजवळ येणाऱ्या दांडीच्या माइकचा हेडसेट हवा, कानातल्या छोट्या बड्सनी भागत नाही. टेबल-खुर्चीचा फोटोही आधीच मागवा. खाटेवर बसून आठ तास काम केलं की दुसऱ्या दिवशी पाठ सॅक घेऊ देत नाही.

लॅपटॉप डोंगरावर न्यायचा नाही, गाडीतही ठेवायचा नाही. खोलीत, ड्राय बॅगेत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. गार एसी गाडीतून दमट हवेत आणलेला लॅपटॉप लगेच सुरू करू नका. अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर आत बाष्प धरतं. आणि भिजलेले बूट चुलीजवळ वाळवू नका, सोल सुटतो. आतला तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, झोपताना पुन्हा बदला. शुक्रवारी भिजलेला बूट त्यानेही रविवारपर्यंत पूर्ण वाळत नाही, म्हणून दुसरा जोड सॅकमध्ये असू द्या.