घरच्या माइनक्राफ्ट सर्व्हरचं पोर्ट फॉरवर्डिंग: माझा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत मुलाला माइनक्राफ्ट या गेमचा स्वतःचा सर्व्हर हवा होता. त्याचा मामेभाऊ सांगलीला, आतेबहीण बेळगावला आणि आम्ही नाशकात. तिघांनी मिळून एक गाव वसवायचं ठरलं होतं. जुन्या लॅपटॉपवर जावा एडिशनचा सर्व्हर मी अर्ध्या तासात चालू केला, घरच्या वाय-फायवरून मुलगा लगेच आत गेला. सांगलीहून मात्र भाच्याचा फोन आला, “आत्या, कनेक्शन टाइम्ड आउट येतंय.”

राउटरमध्ये २५५६५ हे टीसीपी पोर्ट लॅपटॉपकडे वळवलेलं होतं, म्हणजे माइनक्राफ्टसाठी बाहेरून येणारी हाक लॅपटॉपकडे पाठवायचा नियम लिहिला होता. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. तरी तेच. मग शोधायला बसले. लॅपटॉप रीस्टार्ट झाला होता आणि त्याचा घरातला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलला होता, म्हणजे माझा नियम रिकाम्या पत्त्याकडे बोट दाखवत होता. राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या, पानावर जाऊन लॅपटॉपला कायमचा पत्ता राखून ठेवला. शिवाय त्या रीस्टार्टनंतर विंडोजने आमच्या वाय-फायला ‘पब्लिक’, म्हणजे परकं, नेटवर्क धरलं होतं आणि फायरवॉल बाहेरून आलेली हाक जावापर्यंत येऊ देत नव्हती. तेही सुधारलं. पुन्हा टाइम्ड आउट.

इथे एक गोष्ट कळली ती फार कामाची आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर बहुतेक वेळा आपली हाक लॅपटॉपपर्यंत पोचलेली असते, फक्त तिथे सर्व्हर चालू नसतो. ‘टाइम्ड आउट’ आलं, तर हाक वाटेतच कुठेतरी हरवते. आणि तपासायचं ते फोनचं वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावरून. बरेच राउटर घरातूनच बाहेरच्या पत्त्यावर गेलेली हाक परत आत वळवत नाहीत, त्यामुळे सगळं ठीक असूनही घरात बसून तपासलं की पोर्ट बंदच वाटतं. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघितला. १९२.१६८ ने सुरू होत होता. हा तर घरातला पत्ता! फायबरवाल्यांनी भिंतीवर लावलेला डबा स्वतःच एक राउटर होता, माझा राउटर त्याच्या मागे. लाइनमन दादांना बोलावून तो डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला, म्हणजे तो राउटरचं काम सोडून कनेक्शन नुसतं पुढे देईल, आणि त्यांच्याकडून पीपीपीओईचं, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड घेऊन माझ्या राउटरमध्ये भरलं. आता वॅन आयपी आला १००.७२ ने सुरू होणारा. इंटरनेटवर ‘माझा आयपी’ बघितला तर तो तिसराच.

इथे खरं कारण सापडलं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांसाठी आतल्या आत वापरायचे म्हणून २०१२ पासून राखीव आहेत. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, सगळे मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा २०११ सालीच वाटून संपला. म्हणून कंपनी एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक घरं बसवते. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते, कोणत्या घरात द्यायची ते त्याला माहीत नसतं. माझ्या राउटरमध्ये मी कितीही नियम लिहिले असते तरी उपयोग नव्हता.

हेल्पलाइनवर तीन वेळा “मॅडम, राउटर रीस्टार्ट करून बघा” ऐकलं. चौथ्यांदा मी थेट म्हटलं, “माझं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, मला स्टॅटिक पब्लिक आयपी हवा आहे.” म्हणजे न बदलणारा, बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता. वेगळे पैसे पडले, पण दोन दिवसांत मिळाला. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की पोर्टच्या पानाला हात लावण्याआधी वॅन आयपी आणि इंटरनेटवर दिसणारा आयपी जुळतात का ते बघा. मी हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर मुलांची सुट्टी वाया गेली नसती.

लॅपटॉप राउटरच्या डीएमझेड या सोयीत टाक, असंही एकाने सुचवलं होतं. ते मी मुद्दाम टाळलं, कारण मग राउटर सगळीच पोर्टं त्या लॅपटॉपकडे सोडतो. एकच पोर्ट उघडलं, व्हाइटलिस्ट, म्हणजे फक्त यादीतल्यांनाच आत सोडायची सोय, चालू केली आणि तिन्ही मुलांची नावं एकेक करून टाइप केली.

भाऊबीजेच्या रात्री सर्व्हरच्या काळ्या खिडकीत आधी सांगलीचं नाव उमटलं, ‘जॉइन्ड द गेम’. मिनिटभरात बेळगावचं. “मामी, मी आले!” भाची फोनवर ओरडली, आणि मुलगा तिला विहीर कुठे खणायची ते दाखवायला धावला.