स्नोई पर्वतातला एक इंचाचा बोल्ट

स्थलांतरितांचं कौतुक बहुतेक वेळा त्यांच्या खाण्यापिण्यापासून सुरू होतं आणि सणांच्या मिरवणुकीपाशी थांबतं. त्यांनी नेमकं काम काय केलं, हे कोणी फारसं सांगत नाही. म्हणून आज ऑस्ट्रेलियाच्या स्नोई माउंटन्स योजनेबद्दल लिहितो, आणि त्यातही एका पोलादी बोल्टबद्दल.

योजना अशी: स्नोई नदीचं पाणी दक्षिणेला समुद्राकडे जायचं. ते डोंगराखालून पश्चिमेला वळवून मरे आणि मरमबिजी नद्यांत सोडायचं, आणि वाटेत त्यावर वीज करायची. काम १९४९ मध्ये सुरू झालं आणि १९७४ मध्ये संपलं. सोळा मोठी धरणं, सात वीजघरं, सुमारे १४५ किलोमीटर बोगदे. तीसहून अधिक देशांतली एक लाखावर माणसं तिथे राबली आणि त्यांतली साधारण दोन तृतीयांश बाहेरून आलेली होती. काल-परवापर्यंत युद्धात एकमेकांसमोर उभे असलेले पोलिश, जर्मन, इटालियन, युगोस्लाव एकाच पाळीत, एकाच फेसवर (म्हणजे बोगदा जिथे खोदला जातो त्या टोकाच्या खडकावर) काम करत. कामाचा प्रमुख विल्यम हडसन हाही न्यूझीलंडमध्ये जन्मलेला.

बोगद्याचं चक्र ठरलेलं असतं. फेसवर भोकं पाडायची, दारू भरायची, स्फोट करायचा, धूर जाऊ द्यायचा, लोंबकळणारे दगड पहारीने पाडायचे, मलबा बाहेर काढायचा. मग प्रश्न उरतो छताचा. जुनी रीत म्हणजे लाकडी किंवा पोलादी कमानी उभ्या करणं. त्या जागा खातात, वेळ खातात, आणि कमान व खडक यांच्यात पोकळी राहिली तर खडक सुटून भार येईपर्यंत कमान नुसतीच उभी असते. रॉक बोल्ट, म्हणजे खडकात खोल रोवून तो आवळून धरणारे गज, अमेरिकेतल्या खाणींत आधीपासून होते. पण मोठ्या बोगद्यांत आणि भूमिगत वीजघरांत (आपल्या कोयना प्रकल्पाचं पोफळीचं वीजघर डोळ्यांसमोर आणा) कायमचा आधार म्हणून ते पद्धतशीरपणे वापरण्याचं फार मोठं काम स्नोईवर झालं.

सुरुवातीचा बोल्ट साधा. सुमारे एक इंच व्यासाचा पोलादी गज, एका टोकाला मधोमध उभी चीर, दुसऱ्या टोकाला आटे. चिरेत पोलादी पाचर अडकवून गज भोकात घालायचा. पाचर भोकाच्या तळाला टेकली की बाहेरून हवेच्या हातोड्याने गज ठोकायचा. पाचर चिरेत घुसते, चिरेचे दोन पाय फाकतात आणि खडकात रुततात. मग बाहेरच्या टोकावर पट्टी आणि नट चढवून ताण येईपर्यंत आवळायचं. हा ताण म्हणजेच सगळं काम. तो खडकाचे तुकडे एकमेकांवर दाबून धरतो आणि खडकच स्वतःची कमान होतो.

चुकतं कुठे? भोकाची खोली मोजून पाडावी लागते. खोल गेलं तर आटे आतच राहतात, पट्टी बसत नाही. उथळ राहिलं तर गज बाहेर लोंबतो. तळाचा खडक मऊ असेल तर पाचर चिरेत न घुसता खडकातच रुतते, पाय फाकत नाहीत आणि आवळताना बोल्ट सरकतो. पट्टी ओबडधोबड खडकावर तिरकी बसली तर गज वाकतो, म्हणून तिथे तिरका वॉशर लागतो. पुढच्या स्फोटांच्या हादऱ्यांनी ताण उतरतो, म्हणून पुन्हा आवळावं लागतं. ओलाव्याने गज गंजतो, म्हणून पुढे भोकात सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, भरायची रीत आली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, उशीर चालत नाही. स्फोटानंतर खडक हळूहळू सैल होत जातो, एकदा सुटला की तो बोल्टवर नुसता ओझं होऊन लटकतो. हे सगळं अंधारात, पाणी ठिबकत असताना, शेजाऱ्याची भाषा धड न कळता करायचं.

तिथला अभियंता टॉम लँग हे पटवायला एक प्रयोग दाखवायचा. बादलीत खडी भरायची, त्यात छोटे बोल्ट बसवून आवळायचे आणि बादली उलटी धरायची. सुटी खडी पडत नाही. त्याच्या कामातून आलेले ठोकताळे आजही शिकवले जातात: बोल्टची लांबी दोन बोल्टांमधल्या अंतराच्या किमान दुप्पट हवी, आणि हे अंतर खडकाच्या धोकादायक तुकड्याच्या रुंदीच्या दीडपटीहून जास्त नको. छोट्या बोगद्यात लांबी रुंदीच्या निम्मी तरी असावी. ठोकताळे लँगचे, पण ते खरे ठरले पाळीगणिक भोकं पाडणाऱ्या हातांमुळे. या योजनेत १२१ माणसं कामावर मेली. ग्रॅनाइटच्या धुळीने फुप्फुसं गेलेल्यांची गोष्ट त्याहून वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दोन गोष्टी लपवू नयेत असं मला वाटतं. पहिली, ऑस्ट्रेलियात येऊन राहण्याची ही दारं जवळपास फक्त युरोपियनांसाठी उघडी होती. १९०१ च्या कायद्यापासून चालत आलेलं ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’चं धोरण तेव्हा जिवंत होतं, आणि त्याचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये निघाले. आपली माणसं तिथे मोठ्या संख्येने गेली ती त्यानंतर. दुसरी, युद्धातून विस्थापित होऊन आलेल्यांना सरकार सांगेल तिथे दोन वर्षं काम करण्याच्या करारावर सही करावी लागे. त्यांच्यातल्या अनेक डॉक्टरांच्या आणि अभियंत्यांच्या पदव्या तिथे मानल्या गेल्या नाहीत, आणि शिकलेली माणसं फावडं धरून उभी राहिली. हे देशाचंही नुकसान होतं. हाताशी असलेलं ज्ञान त्याने वापरलंच नाही.

आज आपल्याकडचा अभियंता तिकडे जायला निघाला आणि त्याची पदवी वॉशिंग्टन करारात (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या देशांच्या करारात) बसत नसेल, तर त्याला एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेकडे आपण केलेल्या कामाचे तीन प्रसंग लिहून द्यावे लागतात. तिथे ‘आमच्या टीमने केलं’ चालत नाही. मोजमाप कोणी घेतलं, निर्णय कोणी घेतला, चूक कशी सापडली, हे ‘मी’ म्हणून लिहावं लागतं. किचकट आहे, पण माणसाला त्याच्या कामावरून ओळखण्याची ही रीत मला योग्य वाटते. १९५० च्या फेसवर उभ्या असलेल्या त्या अभियंत्यांना एवढी संधीही कोणी दिली नव्हती.