मोबदला चौपट, पण कशाच्या चौपट? भूसंपादनातला माझा अनुभव

आमची जमीन कालव्यात जाणार हे कळल्यापासून सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: "चौपट मिळणार." कशाच्या चौपट, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 26 प्रमाणे आधी बाजारमूल्य ठरतं. ग्रामीण भागात त्याला 1 ते 2 पर्यंतचा गुणक लागतो, त्यात विहीर, झाडं, बांधकाम यांची किंमत मिळवतात आणि जी बेरीज होईल तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर देतात. म्हणजे गुणक 2 असेल तर मूळ दरात एक रुपया कमी धरला की पदरात पडायचे चार रुपये जातात. म्हणून आम्ही सगळा जोर मूळ दरावर लावला.

संयुक्त मोजणीला, म्हणजे सरकारी माणसं जमीन आणि तिच्यावरचं सगळं मोजायला आली तेव्हा, मी आणि भाऊ हद्दीवर हजर होतो. झाडं मोजली, विहीर लिहिली, पण जमिनीखालची पाइपलाइन कुणाला दिसणार? कुदळीने दोन ठिकाणी उकरून पाइप उघडा करून दाखवला, तेव्हा ती पंचनाम्यात आली. सह्या त्यानंतरच केल्या.

खरा घोळ पुढे निघाला. मूल्यांकनाच्या तक्त्यात आमचा गट जिरायत धरला होता. विहीर सातबाऱ्यावर, बारमाही पाणी, तरी जिरायत! फार संताप आला. कलम 21 ची, म्हणजे आपलं म्हणणं मांडायला बोलावणारी नोटीस आल्यावर लेखी म्हणणं दिलं. सोबत पीकपाहणीचे उतारे, मोटारीची वीजबिलं, कारखान्याच्या ऊसाच्या पावत्या जोडल्या. तोंडी सांगण्याला तिथे काडीची किंमत नसते. प्रत्येक कागदाची पोच घ्याच.

दरासाठी आधीच्या तीन वर्षांतली, गावातल्या किंवा जवळपासच्या तशाच जमिनींची खरेदीखतं बघतात. त्यातली जास्त दराची निम्मी घेऊन सरासरी काढतात. ती आणि रेडी रेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला) दर यांत जे जास्त असेल ते धरतात. कार्यालयाच्या यादीत बागायती व्यवहार जवळजवळ नव्हतेच. दुय्यम निबंधकांकडून सूची क्रमांक 2 च्या (नोंदलेल्या खरेदीखतांच्या गोषवाऱ्याच्या) नकला काढल्या आणि ते गट नकाशावर रंगवून दिले. बरेचसे धरले गेले. रस्त्यालगतचा एक व्यवहार मात्र 'जमीन सारखी नाही' म्हणून वगळला. ते कारण मला आजही पटत नाही, कारण आमच्या गटाची एक बाजू त्याच रस्त्याला लागते.

निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या अंतिम आदेशात, जमीन बागायत धरली गेली, पाइपलाइनही आली. पैसे उचलताना 'हरकत राखून स्वीकारले' असं लिहून दिलं. तसं न लिहिता रक्कम घेतली तर कलम 64 खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे सहा आठवड्यांत द्यावा लागतो. आम्ही मुदतीत दिला, आणि त्या वगळलेल्या खरेदीखताचा मुद्दा आता अशा मोबदल्याच्या वादांचा निकाल देणाऱ्या प्राधिकरणासमोर आहे.