मोठ्या पावलांसाठी स्नोबोर्ड निवडताना: आधी रुंदी, मग लांबी

माझे पाऊल ३० सेंटिमीटर लांब आहे. सांगलीत शाळेत असताना बुटांच्या दुकानांत दहा नंबरच्या पुढचा माल सहसा मिळत नसे, म्हणून वडील मला कोल्हापूरला नेत आणि तिथला कारागीर कागदावर माझा पाय ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून चप्पल बेतून देई. पुढे नोकरीसाठी डेन्व्हरला आल्यावर आणि स्नोबोर्ड (दोन्ही पाय आडवे जखडून बर्फाच्या उतारावरून घसरत जायची फळी) शिकू लागल्यावर नेमकी हीच पद्धत मला पुन्हा हाती घ्यावी लागली; पण त्याआधी एक अख्खा हिवाळा चुकीच्या बोर्डावर गेला.

माझा पहिला बोर्ड वापरलेला आणि १५८ सेंटिमीटर लांबीचा होता. विकणाऱ्याने माझी उंची आणि वजन विचारले. पावलाचा विषय ना त्याने काढला, ना मी. टाचेकडच्या कडेवर वळणे लवकर जमली, परंतु चवड्याकडच्या कडेवर थोडे अधिक झुकले की बोर्ड अचानक पायाखालून निसटे आणि मी गुडघ्यांवर आपटे. शिकवणारे सांगत की गुडघे आणखी वाकवा, नजर वळणाच्या दिशेला ठेवा. तो सल्ला चुकीचा नव्हता, पण दोन महिने मनापासून पाळूनही काहीच बदलले नाही. अखेर फेब्रुवारीतल्या एका सकाळी, लव्हलँड या डेन्व्हरजवळच्या स्की-केंद्राच्या घट्ट दाबलेल्या उतारावर पडल्यानंतर, मी दहा पावले वर चढून माझीच खूण पाहिली. कडेने कापलेली बारीक, स्वच्छ रेघ तिथे होती आणि तिच्या शेजारी, पडण्याच्या जागेच्या थोडे आधी, दुसरी बोथट चर उमटली होती. ती माझ्या बुटाच्या टोकाची होती.

यालाच टो ड्रॅग म्हणतात. टाचेकडून असेच झाले तर हील ड्रॅग. बूट बोर्डाच्या कडेबाहेर थोडा येणे मुळीच वाईट नाही. उलट त्या एक-दीड सेंटिमीटरमुळेच कडेवर नीट जोर देता येतो, आणि दोन्ही बाजूंना दोन सेंटिमीटरपर्यंत बहुतेकांचे चालून जाते. पुढचा प्रश्न साध्या भूमितीचा आहे. माझ्या बुटाचे टोक बर्फापासून सुमारे ३ सेंटिमीटर उंच होते आणि कडेबाहेर ४ सेंटिमीटर आलेले होते. अशा वेळी बोर्ड साधारण ३७ अंश कलला की टोक कठीण बर्फाला टेकते, सगळा भार त्यावर येतो आणि कड उचलली जाते. तेच टोक दीड सेंटिमीटर बाहेर असते, तर ६० अंशांच्या पुढे कललो तरी ते टेकले नसते. नवशिक्याला सुरुवातीला हा फरक कळत नाही, कारण तो फारसा झुकतच नाही. तो चांगला शिकू लागतो तेव्हा नेमका बोर्ड आडवा येतो, आणि दोष मात्र त्याच्या कौशल्याला दिला जातो. मला याचे आजही वाईट वाटते.

बोर्डाच्या माहितीत वेस्ट म्हणून जो आकडा असतो, तो बोर्डाच्या सर्वांत अरुंद जागेचा, म्हणजे दोन पायांच्या मधल्या भागाचा असतो. तिथे पाय कधीच नसतो. बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीच्या, स्क्रूंची छिद्रे असतात तिथे बोर्ड त्याहून साधारण एक सेंटिमीटर, काही आकारांत त्याहीपेक्षा अधिक, रुंद असतो. ढोबळमानाने अमेरिकन १० नंबरपर्यंत २५० मिलिमीटरच्या आसपासचा वेस्ट पुरतो, ११ नंबरला २५५ ते २६०, माझ्यासारख्या १२ नंबरला २६० ते २६५ आणि १३ च्या पुढे २७० किंवा अधिक पाहावा. तरीही दुकानात जाताना मापपट्टी खिशात ठेवावी आणि पाय जिथे बसणार तिथली रुंदी स्वतः मोजावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

अर्थात त्याआधी बूट ठरायला हवा, कारण बोर्डाबाहेर डोकावतो तो बूट. टाच भिंतीला टेकवून, कागदावर उभे राहून, सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यावे. स्नोबोर्डच्या बुटांवर लिहिलेले मॉन्डोपॉइंट माप म्हणजे हीच पावलाची लांबी. ३० सेंटिमीटर म्हणजे अमेरिकन १२, ब्रिटिश ११. पुष्कळ जण सवयीने एक नंबर मोठा बूट घेतात आणि मग रुंद बोर्ड शोधत फिरतात. योग्य बुटात सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच टेकतात आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकतात. शिवाय एकाच नंबरच्या दोन बुटांची बाहेरून लांबी वेगळी असते. माझा जुना बूट बाहेरून ३३ सेंटिमीटर होता. आताचा, आखूड तळव्याचा, ३२ आहे आणि पाय आतून तितकाच मोकळा आहे. मोठ्या पावलांच्या माणसाने पैसे खर्च करायचेच असतील, तर ते आधी अशा बुटावर करावेत.

कोनाचाही उपयोग होतो. बोर्डाला अगदी आडव्या स्थितीपासून बाइंडिंग १५ अंश वळवले की ३३ सेंटिमीटरचा बूट बोर्डाच्या रुंदीवर सुमारे ३१.९ सेंटिमीटर जागा व्यापतो, आणि २१ अंशांवर ३०.८. परंतु केवळ बूट टेकू नये म्हणून गुडघ्यांना न मानवणारा कोन ठेवणे मला पटत नाही. त्यापेक्षा आधी बूट बाइंडिंगमध्ये घट्ट बसवून तो दोन्ही कडांबाहेर सारखाच येतो का, हे पाहावे. माझ्या जुन्या बोर्डावर पायाखालची रुंदी २६.२ सेंटिमीटर होती, म्हणजे १५ अंशांवर एकूण ५.७ सेंटिमीटर बूट बाहेर येणार हे ठरलेलेच होते. पण तो चवड्याकडे ४ आणि टाचेकडे जेमतेम १.७ असा विभागला गेला होता. टाचेची वळणे का जमत होती, याचे उत्तर तिथे मिळाले.

मग मी उलट टोकाला गेलो आणि मित्राचा २७५ मिलिमीटर वेस्टचा बोर्ड महिनाभर वापरला. टोक टेकणे बंद झाले खरे, पण एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना बोर्ड जडपणे वळे, आणि झाडांमधल्या अरुंद वाटेत ते धोक्याचे वाटले. आज माझ्याकडे १५६ सेंटिमीटरचा, वाइड, २६५ मिलिमीटरचा बोर्ड आहे. पायाखाली तो २७.६ सेंटिमीटर भरतो आणि आताचा बूट १५ अंशांवर प्रत्येक बाजूला १.६५ सेंटिमीटर बाहेर येतो. लांबी दोन सेंटिमीटरने कमी केली, कारण रुंद बोर्डाला क्षेत्रफळ अधिक मिळते. लांबी ठरते ती मुख्यतः वजनावरून; बोर्ड हनुवटीला लावून पाहण्याची रीत त्यामानाने फार ढोबळ आहे.

मागच्या आठवड्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला. फेब्रुवारीत तो गुलमर्गला जाणार आहे आणि स्वतःचा बोर्ड घ्यावा म्हणतो. “मामा, १६० घेऊ की १६३?” हा त्याचा पहिला प्रश्न होता. मी त्याला वर्तमानपत्रावर पाय ठेवून रेघ मारायला सांगितले. माप ३१ सेंटिमीटर आले. गुलमर्गच्या अफरवाट शिखरावरच्या खोल, मऊ बर्फात बुटाचे टोक थोडे लागले तरी लगेच फेकले जात नाही, आणि रुंद बोर्ड तिथे तरंगतोही चांगला. पण दाबलेल्या उतारावर शिकायला हाच बोर्ड वापरायचा असेल, तर वेस्टमध्ये २७० मिलिमीटरच्या खाली जाऊ नकोस, असे मी त्याला सांगितले. सध्या बोर्ड तिथे भाड्याने घे, बूट मात्र आधीच स्वतःचे घेऊन जा, असेही सांगितले. ३१ च्या मापाचे आखूड तळव्याचे बूट मी शोधतो आहे. ते आले की बाहेरून मोजून आकडा त्याला कळवीन, आणि १६० की १६३ हे आम्ही त्यानंतर ठरवू.