मोठ्या फळ्यावरचा पुढचा शुक्रवार

आमच्या टॉकीजच्या दारात दोन फळे आहेत. लहान फळ्यावर आज काय लागलंय ते असतं आणि मोठ्यावर पुढच्या तीन शुक्रवारी काय येणार ते. नवा माणूस हटकून विचारतो, हे उलटं कसं? १२४ खुर्च्यांचं थिएटर आजच्या खेळावर चालत नाही, हे त्याला दारात उभं राहून समजावणं अवघड आहे. आज पिक्चर बघून बाहेर पडलेला माणूस मोठ्या फळ्यापुढे दोन मिनिटं थांबला, तरच माझं वीजबिल भरतं.

वडिलांचा धंदा तंबूतला. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या जत्रांमधून ते टुरिंग टॉकीज फिरवायचे. एक प्रोजेक्टर, एक जनरेटर, मध्ये दोर बांधून एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. पौराणिक आणि मारामारीच्या पिक्चरला गाव लोटायचं. पण तंबू उठवायच्या आदल्या रात्री वडील मुद्दाम एखादा घरगुती, रडवणारा पिक्चर लावायचे. त्याला बाप्ये कमी असायचे. बाया मात्र पोराबाळांसकट, सासूला हाताला धरून यायच्या. "हाणामारी बघायला एकटा येतो, रडायला घर येतं," असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. मला हाणामारी आवडायची.

१९८४ मध्ये तंबू विकून सोलापुरात पक्कं थिएटर बांधलं. स्टॉल आणि बाल्कनी मिळून ३१० खुर्च्या. मोठ्या थिएटरांपुढे आम्ही चिल्लर, त्यामुळे नवा मोठा पिक्चर आमच्याकडे यायचा तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, प्रिंटवर रेघोट्या पडल्यावर. पेट्या रेल्वेने यायच्या. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. रीळ संपत आल्याची खूण म्हणून पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की ऑपरेटरमामा पुढचं रीळ लावलेल्या दुसऱ्या मशीनवर उडी घ्यायचे. मशीनच्या उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा तो वास अजून माझ्या डोक्यात आहे. पुढे कार्बन जाऊन झेनॉनचा दिवा आला, २०१२ मध्ये रिळंही गेली. मामा म्हणाले, "आता मी काय करू, बटन दाबायलो का नुसतं?" ते खरोखरच नुसतं बटण दाबतात, आणि तरीही शुक्रवारी सकाळी आंघोळ करून मशीनला हळदकुंकू लावतात.

माझ्या हातात धंदा आला तेव्हा मी तो सगळ्यांसारखाच चालवला. डिस्ट्रिब्युटर म्हणेल तो पिक्चर, म्हणेल तितके शो. मोठ्या पिक्चरवाल्यांची अट असते, चारही खेळ आम्हालाच द्या. मग बारीक पिक्चरला जागाच उरत नाही, किंवा सकाळी साडेनऊचा मुडद्यासारखा खेळ उरतो.

२०१४ च्या फेब्रुवारीत 'फँड्री' लागला. दिग्दर्शक आमच्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. मी एक खेळ दिला. पहिले तीन दिवस खुर्च्या रिकाम्या, म्हणून आठवडा संपताच उतरवला. आणि दुसऱ्या सोमवारपासून लोक यायला लागले. कुणी मोहोळचं, कुणी बार्शीचं, एक पोरगं तर सायकलवर. "तो डुकराचा पिक्चर कुठंय?" फळ्यावर तोवर दुसरंच नाव. मी त्यांना परत पाठवलं, त्याची लाज मला आजही वाटते. दोन वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ ला, त्याच माणसाचा 'सैराट' आला आणि त्या उन्हाळ्यात आम्ही नवे पंखे, नवी गादी, नवा पडदा सगळं करून घेतलं. लोक म्हणतात सैराटने तुम्हाला तारलं. पैशाने तारलं, हे खरं. धंद्याची अक्कल मात्र फँड्रीने दिली. असा पिक्चर पहिल्या आठवड्यात चालत नाही, तो दुसऱ्या आठवड्यात चालतो. बघून गेलेला माणूस घरी जातो, दोन दिवस गप्प असतो, मग शेजाऱ्याला सांगतो. तेवढा वेळ पिक्चर पडद्यावर टिकला पाहिजे.

मार्च २०२० मध्ये थिएटर बंद झालं. नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडलं, पुढच्या एप्रिलात पुन्हा कुलूप. त्या दीड वर्षाबद्दल फार लिहीत नाही. खुर्च्यांत उंदरांनी पिल्लं घातली एवढं सांगतो. घरात ठरत होतं की जागा चादरीच्या दुकानाला द्यावी. शेवटी निम्मी दिली. पुढचा भाग शोरूमला, त्याच्या भाड्यावर कर्जाचा हप्ता जातो. बाल्कनी पाडली, मध्ये भिंत घातली, मागचा रिकामा तुकडा नाटकाच्या तालमींना दिला आणि मधल्या भागात १२४ खुर्च्यांचं थिएटर उरलं. २२ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली थिएटरं पुन्हा उघडली, त्याच दिवशी आम्हीही शटर वर केलं.

भिंतीची एक गंमत सांगतो. तालमीतला आवाज थिएटरात यायचा. पडद्यावर आई मरतेय आणि भिंतीपलीकडून कुणीतरी तलवार उपसतोय. मी सोलापूरचा, मला सुचलं गिरणीतलं कापसाचं वेस्ट. पोती आणून भिंतीत ठासली, आवाज एकदम बंद. मी खूश. फायरचे साहेब तपासणीला आले, भिंतीवर बोट ठोकलं आणि विचारलं, "आत काय भरलंय?" मी अभिमानाने सांगितलं. पुढचे चार दिवस आम्ही कापूस उपसत होतो. आता तिथे न पेटणारं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस आहे, महाग आणि खाजरा.

आता आम्ही फक्त भावनाप्रधान पिक्चर लावतो. गंभीर म्हणा, कौटुंबिक म्हणा, सामाजिक म्हणा. मराठी जास्त, अधूनमधून तेलुगू आणि कन्नड. हे शहरच तीन-चार भाषांत घरचं बोलतं. दिवसाला तीन खेळ, दोन वेगवेगळे पिक्चर, आणि प्रत्येकाला कमीत कमी दोन आठवडे. हे लेखी मान्य असेल तरच घेतो. मोठे वितरक हसून फोन ठेवतात. छोटे निर्माते स्वतः पिक्चरची डिस्क घेऊन येतात आणि पहिल्या खेळाला मागे उभे राहतात. कोणत्या वाक्याला लोक हलले ते त्यांना बघायचं असतं.

पिक्चर मी एकटा निवडत नाही. मंगळवारी दुपारी रिकाम्या थिएटरात चौघं बसतात: एक निवृत्त मास्तर, कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतल्या दोन विडी कामगार बायका आणि आमचे मामा. मास्तर संवादावर बोलतात, छायाचित्रणावर बोलतात, फार बोलतात. बायका विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊनच बसायच्या. तंबाखू-पानं मीच बंद करायला लावली, तर म्हणाल्या, "हात रिकामे ठेवून पिक्चर कसा बघायचा अण्णा?" त्यांचा निकाल एका ओळीत असतो. "मधीच लई बोलायलेत बघा." किंवा, "सासू खरी वाटली." दुसरं वाक्य आलं की मी पिक्चर घेतो. आजवर त्यांचा अंदाज दोनदाच चुकला, मास्तरांचा मी मोजत नाही.

मोठ्या फळ्यावर नावाखाली एक ओळ खडूने लिहायची पद्धत त्यातूनच पडली. 'पहिला अर्धा तास धीर धरा.' 'लहान पोरांना आणू नका.' 'शेवट गोड नाही.' ही शेवटची ओळ वाचून एक तरुण निर्माता माझ्यावर भडकला होता. म्हणाला, तुम्ही माझा पिक्चर पाडताय. त्या आठवड्यात दुपारचा खेळ दोनदा भरला. बायका फळा वाचून मैत्रिणींना घेऊन आल्या. रडायचंच आहे, तर खात्रीने रडू द्या की. आधी कळलेलं बरं, रुमाल तरी आणता येतो.

रिळं गेली तशी कटकटही बदलली. आता पिक्चर हार्ड डिस्कवर किंवा सॅटेलाइटने येतो, पण कुलूपबंद. उघडायची 'की' वेगळी येते, ती फक्त आपल्याच सर्व्हरला लागते आणि ठरलेल्या तारखांपुरतीच चालते. उघडल्यावर दुसऱ्याच महिन्यात आम्ही सर्व्हर बदलला आणि शुक्रवारी 'की' आली ती जुन्या सर्व्हरची. सहाचा खेळ, ३१ माणसं बसलेली, पडदा काळा. फोनवर फोन. पैसे परत द्यायला मी गल्ला उघडला, तेवढ्यात भिंतीपलीकडची तालमीची पोरं डोकावली. कुणीतरी म्हणालं, आम्ही करतो काहीतरी. पडद्यापुढच्या चिंचोळ्या जागेत त्यांनी बाप-लेकाचा एक प्रवेश केला, दिव्याच्या जागी मोबाइलच्या बॅटऱ्या. पंचवीस मिनिटांनी 'की' आली. पिक्चर सुरू करू का विचारलं, तर मागून आवाज आला, "थांबा की ओ, ह्यांचं होऊ द्या आधी."

तिकीट ९० रुपये. सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा थोडा श्वास मिळाला. दर कमी करायचा विचार होता. त्याऐवजी उन्हाळ्यासाठी एसी दुरुस्त केला. चव्वेचाळीस अंशात कुणी कलेसाठी घामाघूम होणार नाही, ही माझी ठाम समजूत आहे. कँटीनमध्ये पॉपकॉर्न आहे, पण खपते ती शेंगाचटणी-कडक भाकरी. कडक भाकरी मोडल्याचा आवाज शांत प्रसंगात फार होतो, म्हणून ती फक्त मध्यंतरात.

आणि एक वेळापत्रक बाहेरच्या माणसाला कधीच कळत नाही. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या भागात पाणी, त्या भागातल्या बायका त्या दिवशी पिक्चरला येत नाहीत, मग पडद्यावर कुणीही असो. त्यामुळे माझ्या टेबलावर दोन कागद असतात: एक रिलीजच्या तारखांचा, दुसरा पाण्याच्या पाळीचा. दुसरा जास्त वेळा बदलतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीत, तर नवा पिक्चर लावतच नाही. सगळं गाव होम मैदानावर असतं आणि मीही असतो.

या महिन्याच्या फळ्यावर तीन नावं आहेत. येत्या शुक्रवारी भावाभावांच्या वाटणीवरचा मराठी पिक्चर, खाली ओळ 'वकील चांगला दाखवलाय'. ती ओळ मास्तरांची, त्यांचा मुलगा वकील आहे. त्यापुढच्या शुक्रवारी एक कन्नड, मराठी अक्षरं खाली येतील. तिसरं नाव अजून पेन्सिलने आहे: १९८२ चा 'उंबरठा'. दिग्दर्शक जब्बार पटेल पंढरपूरचे, शाळा सोलापूरची, स्मिता पाटीलची सुलभा, म्हणून तो आपल्या पडद्यावर लागावा अशी माझी फार इच्छा आहे. हक्कांचं बोलणं चालू आहे. कागद हातात आल्याशिवाय खडू लावायचा नाही, हा वडिलांचा नियम.

तर शुक्रवारचा सहाचा खेळ या वेळी साडेसातला आहे. हद्दवाढ भागात संध्याकाळी पाणी आहे.